पुरावा धोरणापर्यंत न्यायला शिकायचंय आणि ब्रिटनला यायचंय, तर

तुमचा प्रश्न असा: एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, दोन-तीन शोधनिबंध छापून आलेत, आता संशोधनाच्या जोरावर आरोग्यधोरण हलवायचं कसं हे ब्रिटनमध्ये येऊन शिकायचंय, कोर्स कुठला घेऊ आणि आल्यावर काय करू?

आधी व्हिसाचा हिशोब मांडा. एमएस्सी बहुधा एका वर्षाची असते. त्यानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करायला राहू देणारा, २०२६ अखेरपर्यंत अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांचा, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच. पीएचडीनंतर मात्र तीन वर्षं मिळतात. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि २०२४ पासून साध्या एमएस्सीवर जोडीदाराला किंवा मुलांना सोबत आणता येत नाही. म्हणजे हाती वेळ फार थोडा.

म्हणून विद्यापीठाचा क्रमांक बघत बसू नका. प्रबंध एखाद्या कौन्सिलसोबत, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनासोबत, करता येतो का, एवढं विचारा. इंग्लंडमध्ये २०१३ पासून स्थानिक सार्वजनिक आरोग्य कौन्सिलकडे आहे, डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थही तिथेच असतात. निर्णय कसा होतो हे तिथे जवळून दिसतं. सिव्हिल सर्व्हिसचं दारही बंद नाही: भारतीय नागरिक कॉमनवेल्थमधले, त्यामुळे कामाचा परवाना असेल तर ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव नसलेल्या पदांना अर्ज करता येतो. गाडी अडते ती सुरक्षा तपासणीत, कारण त्यातल्या एससी (सिक्युरिटी चेक) पातळीसाठी साधारण पाच वर्षांचं इथलं वास्तव्य बघतात. पीएचडी करणार असाल तर संसदेच्या पोस्ट या विज्ञान कार्यालयाची तीन महिन्यांची फेलोशिप सोडू नका. खासदारांसाठी चार पानांत एक विषय मांडायचा, याहून चांगली तालीम नाही.

खरं काम शिकायचं तर संसदीय समितीला लेखी पुरावा, म्हणजे तिच्या चौकशीच्या विषयावरचं तुमचं निवेदन, पाठवा. हाउस ऑफ कॉमन्सची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, हेल्थ अँड सोशल केअर कमिटी एखाद्या विषयाची चौकशी सुरू करते, प्रश्न जाहीर करते आणि उत्तरं मागवते. कोणीही पाठवू शकतं, नागरिकत्व लागत नाही. शक्यतो ३,००० शब्दांच्या आत लिहा. वर थोडक्यात सार, मग तुम्ही कोण आणि का लिहिताय, आणि पुढे प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक. हा क्रमांक शोभेचा नाही: अहवाल लिहिणाऱ्याला तळटिपेत नेमका परिच्छेद दाखवता आला पाहिजे. आधी छापलेला निबंध जसाच्या तसा चालत नाही. आणि एकदा स्वीकारलं की ते समितीचं. तिने प्रसिद्ध करण्याआधी आपल्या साइटवर टाकायचं नाही.

बहुतेकांचं बिनसतं ते विचारलेलं सोडून आपलंच सांगण्यात. दुसरी चूक, शेवटी 'आणखी संशोधन हवं' असं लिहिणं. वाचणाऱ्याला पुढच्या महिन्यात काहीतरी ठरवायचं असतं. तिसरी आकड्यांची. समजा तुम्ही लिहिलंत, 'धोका ५० टक्क्यांनी घटतो.' तेच असं लिहा: 'दर १०,००० माणसांत वर्षाला ४ जण आजारी पडतात, ते २ होतील.' आता खर्च किती, तो कोण सोसणार, कोणाला फायदा पोहोचणार नाही, हे पुढच्या तीन वाक्यांत. फायदा छोटा दिसतो म्हणून घाबरू नका. फुगवलेला आकडा विरोधक पहिल्याच बैठकीत फोडतात आणि मग तुमचं बाकीचंही कोणी ऐकत नाही.

स्कॉटलंडचा दारूच्या किमान किमतीचा कायदा मुळापासून अभ्यासा. शेफील्ड विद्यापीठाच्या मॉडेलचा त्याला आधार होता. कायदा २०१२ चा, पण उद्योगाने कोर्टात नेला आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला. प्रति युनिट (१० मिली शुद्ध अल्कोहोल) ५० पेन्स ही किंमत १ मे २०१८ ला लागू झाली. सहा वर्षांनी कायदा आपोआप संपेल अशी अट त्यातच होती, त्यामुळे मूल्यमापन आधीपासून आखावं लागलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अंदाजे १३.४ टक्क्यांनी कमी. पुढच्या वर्षी कायदा कायम झाला आणि किंमत ६५ पेन्सवर गेली. पुरावा मंत्र्याला पटला की संपलं असं नसतं. तो कोर्टात टिकावा लागतो आणि मुदत संपताना पुन्हा उभा राहावा लागतो.

नाइस या, आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या मसुद्यांवर हरकती पाठवणं हाही चांगला सराव. पान आणि ओळ क्रमांक देऊन, कोणतं वाक्य बदलून काय हवं ते लिहा. मोघम कौतुक किंवा नाराजी वाया जाते. आणखी एक, जे फार जण करत नाहीत: इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. नाव नोंदवा. खासदार आपल्या मतदारसंघातल्या माणसाचं पत्र वाचतात आणि तुमचा मुद्दा मंत्र्याला लेखी प्रश्न म्हणून विचारू शकतात.

येण्याआधी हे घरबसल्या करा. समितीच्या एका जुन्या चौकशीचा अहवाल उघडा, तळटिपांमध्ये कोणाकोणाचा पुरावा आलाय ते टिपून ठेवा. मग ज्याचा उल्लेख एकदाही आला नाही असा एक पाठवलेला पुरावा शोधा आणि तळटिपेत आलेल्या एकाशेजारी ठेवून वाचा.