दोन भाऊ, दोन फिती

प्रश्न : माझा मोठा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत ११ वर्षांनी नाईक झाला. धाकटा हवाई दलात सहाच वर्षांत कॉर्पोरल झाला. दोघांच्याही बाहीवर दोनच फिती. मे महिन्यात माझं लग्न आहे. पत्रिकेत हुद्दे छापायचे आहेत. वरचा कोणाचा? मोठा दादा काही बोलत नाही, पण त्याला लागलंय असं वाटतं.
– एक वाचक, पाटण

उत्तर : ताई, दोघांचा हुद्दा बरोबरीचा आहे. लष्करातला नाईक, नौदलातला लीडिंग सीमन आणि हवाई दलातला कॉर्पोरल एकाच पायरीवर. त्यावरची पायरी हवालदार, पेटी ऑफिसर आणि सार्जंट यांची.

खुणा मात्र सगळीकडे सारख्या नाहीत. नौदलात लीडिंगच्या बाहीवर फिती नसतात, नांगर असतो. हवाई दलात एका फितीचा हुद्दाच नाही. लष्करात तर साध्या शिपायाचंही नाव बदलतं : बेळगावात पायदळात शिपाई, खडकीला इंजिनिअर्समध्ये सॅपर, नाशिक रोडच्या तोफखान्यात गनर, अहिल्यानगरला रणगाड्यांवर सवार. रणगाडेवाल्यांकडे नाईक नसतो, लान्स दफादार असतो.

आता दादाचं. हवाई दलात कॉर्पोरलची बढती मुख्यतः सेवेच्या वर्षांवर मिळते. पायदळात कॅडर, म्हणजे बढतीसाठीचा कोर्स, पास व्हायचं आणि वर पलटणीत जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. पास झालेला चांगला जवानही थांबून राहतो. मला दुसरी फीत १२व्या वर्षी लागली. शिंप्याकडे दिली नाही, बराकीत खाटेवर बसून स्वतः शिवली. जुनी फीत उसवली तर तिच्याखालचं कापड अजून गडद हिरवं होतं, बाकीची बाही उन्हानं विटलेली. तेवढी वर्षं त्या कापडावर दिसत होती.

आणि त्या फितींमागे काम काय असतं, ते घरच्यांना सांगा. सेक्शनमध्ये दहाएक जवान. कमांडर हवालदार. त्याला काही झालं की सगळे नाईकाच्या तोंडाकडे बघतात. दादाच्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला इटलीत आपल्या सेक्शनच्या पुढे होते. मशीनगनच्या माऱ्यात बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले, तो घेतला आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, त्या काळचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. हुद्दा नाईकच होता. शिवाजी महाराजांच्या पायदळातही नाईक होते, पाच नाईकांवर एक हवालदार.

पत्रिकेत वयाप्रमाणे दादाचं नाव आधी घाला. फक्त नुसतं ‘नाईक’ छापू नका, लोक आडनाव समजतील. ‘नाईक, मराठा लाइट इन्फंट्री’ असं पूर्ण लिहा, धाकट्याचं ‘कॉर्पोरल, भारतीय हवाई दल’. आणि दोघांनाही सुट्टीचा अर्ज आत्ताच टाकायला सांगा, मे महिन्यात सगळ्यांच्याच घरी लग्नं असतात.