रस्त्यावरच्या माणसांचे फोटो परके, लांबून काढल्यासारखे का वाटतात?

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो परके वाटतात, त्यात जवळीक हवी आहे, असं तुम्ही विचारलंय. २०० मिमी लेन्स (लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो) वापरता असंही प्रश्नात लिहिलंय. निम्मं उत्तर तिथेच आहे. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, आडव्या फ्रेममध्ये माणूस डोक्यापासून मांडीपर्यंत घ्यायचा तर २०० मिमीने साधारण ११ मीटरवर उभं राहावं लागतं, २८ मिमीने दीड मीटरवर. ११ मीटरवरून मागची गर्दी चेहऱ्याला चिकटते आणि त्या माणसाला तुमचा पत्ताच नसतो. दीड मीटरवरून हातातलं काम, शेजारची टोपली, मागचा गाळा सगळं येतं, आणि तुम्ही त्याला दिसता.

तेव्हा आधी २८ किंवा ३५ मिमी घ्या. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर १८ किंवा २३. दिवसा एफ/८ (लेन्सचं छिद्र लहान), शटर १/५०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, फोकस मॅन्युअल करून २ मीटरवर. २८ मिमीला साधारण सव्वा ते पाच मीटरपर्यंत शार्प मिळतं, त्यामुळे तुमची नजर माणसावर राहते. दादरच्या फूल मार्केटात पहाटे बल्बच्या उजेडात हे जमणार नाही. तिथे छिद्र एफ/२.८ पर्यंत मोठं करावं लागतं आणि शार्प पट्टा जेमतेम पावणेदोन ते अडीच मीटर उरतो, तिथे ऑटोफोकसच बरा. चेहरा फ्रेमच्या कडेला नेऊ नका, ताणला जातो.

आता उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. कॅमेरा कमरेला लपवून क्लिक करायचं आणि सटकायचं, हे लोकांना कळतं. हार ओवणाऱ्या बाईंना सरळ विचारा, ‘मावशी, एक फोटो काढू का?’ त्या पदर सारखा करून ताठ बसतील. तो फोटोही मनापासून काढा, त्यांना दाखवा आणि तिथेच थांबा. कॅमेरा खाली ठेवा, झेंडूचा भाव विचारा. पाच-दहा मिनिटांत हात पुन्हा सुईदोऱ्याकडे वळतो, खांदे सैल पडतात. तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो. बहुतेक जण पोझवाला फोटो घेऊन निघून जातात आणि मग म्हणतात, विचारलं की सहजपणा जातो.

गिऱ्हाईक भाव करत असताना मात्र मध्ये पडू नका, डोक्यावर ओझं असलेल्या हमालाची वाट अडवू नका. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच.

अंतर मुद्दाम राखूनही काम होतं. अमेरिकन फोटोग्राफर फिलिप-लॉर्का डिकॉर्सियाने न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वर फ्लॅश बांधून, लांबून, नकळत चेहरे टिपले. फोटोतल्या एका माणसाने धार्मिक कारणावरून दावा लावला. २००६ मध्ये कोर्टाने तो फेटाळला. ते चेहरे विलक्षण एकटे दिसतात. तुम्हाला जवळीक हवी आहे, तर तुमच्यासाठी ही पद्धत नाही. महिनाभर एकाच गल्लीत, एकाच वेळेला जा, आणि आधीच्या फेरीचे प्रिंट ज्यांचे त्यांना द्या.