पाचही वाचने सारखी आली, तरी उत्तर चुकीचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साध्या लंबकाच्या प्रयोगात एक मीटर लांबी घेऊन तुम्ही वीस आंदोलनांचा वेळ पाच वेळा मोजला. तो ३८.१, ३८.२, ३८.२, ३८.१ आणि ३८.२ सेकंद आला आणि त्यावरून गुरुत्वत्वरण १०.८४ मीटर प्रति सेकंद वर्ग निघाले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची वाचने ३९.८, ४०.५, ४०.२, ३९.९, ४०.५ अशी विखुरलेली होती, तरीही तिचे ९.७८ हे उत्तर बरोबर ठरले. मोजणी तुमची जास्त नेमकी असताना चूक तुमची कशी, असे तुम्ही विचारले आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे हा प्रयोग शिकवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घोटाळ्याचे मूळ शब्दात आहे. बोलताना आपण दोन वेगळ्या गुणांना सर्रास ‘अचूक’ म्हणतो. मापन खऱ्या किमतीच्या किती जवळ पोहोचले, ही ॲक्युरसी. तेच मापन पुन्हा पुन्हा केल्यावर आलेले आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, ही प्रिसिजन. वर्गात मी पहिलीला अचूकता आणि दुसरीला एकवाक्यता म्हणत असे, कारण पाच वाचने मला पाच साक्षीदारांसारखी वाटतात. पाचही जणांची जबानी तंतोतंत जुळली, तर ते खरे बोलत असतील किंवा एकाच माणसाने त्यांना पढवलेले असेल, आणि केवळ जबान्या ताडून यातले काय खरे हे सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकात नेमबाजीच्या लक्ष्याचे चित्र देतात, ते मला अपुरे वाटते, कारण त्या चित्रात लक्ष्याचा मध्यबिंदू दिसतो आणि प्रयोगशाळेत तो कधीच दिसत नाही.

तुमच्या साक्षीदारांना कोणी पढवले, याचा माग मात्र तुमच्या आकड्यांतच आहे. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथे गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८६ आहे. त्यानुसार एक मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाचा वेळ, २.००८५ सेकंद येतो. वीस आंदोलनांना ४०.१७ सेकंद लागतील, आणि एकोणीस आंदोलनांना ३८.१६. तुमच्या पाच वाचनांची सरासरी काढा, ती बरोबर ३८.१६ आहे. म्हणजे तुम्ही जवळजवळ नक्कीच एकोणीस आंदोलने मोजून त्यांना वीस म्हटले आहे.

हे कसे होते, ते मी अनेकदा मुलांच्या मागे उभे राहून पाहिले आहे. गोलक मधल्या खुणेवरून जातो, अंगठा स्टॉपवॉचचे बटण दाबतो आणि त्याच क्षणी ओठ पुटपुटतात, ‘एक’. त्या क्षणी एकही आंदोलन झालेले नसते. अतिशय दक्ष विद्यार्थ्याचीही ही चूक होते, उलट दक्ष विद्यार्थी ती दर वेळी न चुकता करतो, आणि म्हणूनच त्याची वाचने इतकी सुंदर जुळतात. अशा एकाच दिशेला ढकलणाऱ्या चुकीला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. शंभर वाचने घेऊन सरासरी काढली, तरी ती कणभरही कमी होत नाही. बटण दाबताना हात कधी थोडा आधी, तर कधी थोडा उशिरा पडतो, ती यादृच्छिक त्रुटी मात्र सरासरीने आटते, तीही बेताबेताने: ती निम्मी करायची तर वाचने चौपट घ्यावी लागतात.

माझे म्हणणे पटत नसेल, तर उद्याच पडताळा घेता येईल. मोजण्याची सवय अजिबात न बदलता दहा, वीस आणि चाळीस आकड्यांपर्यंत वेळ घ्या. निदान बरोबर असेल, तर सुमारे १८.१, ३८.२ आणि ७८.३ सेकंद येतील आणि त्यांवरून काढलेला आवर्तकाल १.८१, १.९१, १.९६ असा वाढत जाईल. लंबकाचा आवर्तकाल तुम्ही किती मोजता यावर अवलंबून असूच शकत नाही, तेव्हा दोष मोजणीत आहे हे त्या वाढीतूनच उघड होते. आता ७८.३ मधून ३८.२ वजा करा. दोन्हीकडे हरवलेले एकेक आंदोलन वजाबाकीत निघून जाते, उरलेले ४०.१ सेकंद खरोखरच वीस आंदोलनांचे असतात, आणि तुमच्या चुकीच्या वाचनांतूनच जवळजवळ बरोबर उत्तर बाहेर येते. ही वजाबाकी पहिल्यांदा करून पाहिली तेव्हा मला जो आनंद झाला होता, तो आजही आठवतो.

लांबीचा वर्गित आवर्तकालाशी आलेख काढला की सगळ्या चुका सापडतात, असे काही जण सांगतात. ते अर्धेच खरे आहे. दोऱ्याची लांबी गोलकाच्या केंद्राऐवजी फक्त हुकापर्यंत मोजली आणि ती एक सेंटिमीटर कमी भरली, तर उत्तर ९.६९ येते. आलेखात मात्र ती रेषा आरंभबिंदू सोडून जाते, ज्यावरून गुरुत्वत्वरण काढतात तो उतार तोच राहतो, आणि चूक सापडते व सुधारतेही. तुमची चूक आलेखात दिसणार नाही. ती प्रत्येक आवर्तकाल एकाच प्रमाणात कमी करते, त्यामुळे रेषा निमूटपणे आरंभबिंदूतून जाते आणि उतार चुकीचा येतो. म्हणून एकच तपासणी पुरत नाही.

हबल दुर्बिणीच्या आरशाची हकिकत याच कारणाने मला महत्त्वाची वाटते. २.४ मीटर व्यासाचा तो आरसा कमालीच्या सफाईने घासला होता, पण ज्या उपकरणाने त्याचा आकार तपासत होते, त्यातल्या एका भिंगाची जागा १.३ मिलिमीटरने चुकली होती. आरसा चुकीच्या आकारात तंतोतंत उतरला. त्याहून साध्या उपकरणांनी दोष दाखवलाही होता, पण ती कमी भरवशाची म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली, चित्रे अंधूक आली आणि दुरुस्ती १९९३ च्या डिसेंबरात झाली.

उलट चांगले उदाहरण आपल्या कुलाब्याचेच आहे. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे तिथल्या वेधशाळेची भूचुंबकीय मापने बिघडणार, हे ओळखून ते काम अलिबागला हलवले गेले. पण १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जागा बदलल्याने आकड्यांत किती फरक पडतो, हे त्यामुळे कळले आणि जुनी नोंदमाला नवीशी जोडता आली.

आता मैत्रिणीबद्दल. तिच्या वाचनांचा विखुरलेपणा पाहता तिने ९.७८ पुढे ‘अधिक-उणे ०.०७’ लिहायला हवे होते. तिचे उत्तर बरोबर आहे, पण ढोबळ आहे, आणि तसे लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. पुस्तकात ९.८१ आहे म्हणून आकडा तिकडे ओढणे हे मात्र मी कधीच मान्य केले नाही. तो आकडा पॅरिसच्या आसपासच्या अक्षांशांना शोभतो, मुंबईत तो मुळात थोडा जास्तच आहे.

जर्नलमधली ३८.१ आणि ३८.२ ही वाचने खोडरबरने पुसू नका. त्यांवर एक आडवी रेघ मारा, समासात ‘आरंभी एक म्हटले’ असे लिहा, आणि पुढच्या वेळी गोलक खुणेवरून जाताना बटण दाबाल तेव्हा मोठ्याने ‘शून्य’ म्हणा.