रक्ताच्या रिपोर्टवरचे पिकोग्रॅम आणि फेम्टोलिटर म्हणजे किती?

पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग आणि फेम्टोलिटर म्हणजे पिकोलिटरचाही हजारावा भाग. मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो या क्रमात पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या हजारावा भाग असते. एवढं पाठ केलं की झालं. सोलापुरात एका लॅबमध्ये मी रोज हेच आकडे टाइप करतो. रिपोर्टमधलं 'एमसीव्ही 85 फेम्टोलिटर' म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, 'एमसीएच 29 पिकोग्रॅम' म्हणजे तिच्यातलं सरासरी हिमोग्लोबिन. चादरीच्या सुतातला कापसाचा तंतू साधारण 15 मायक्रोमीटर जाड. तांबडी पेशी जेमतेम त्याच्या निम्मी, 7-8 मायक्रोमीटर रुंद.

फक्त घनमापात हजाराचा हिशोब चालत नाही. घन मायक्रोमीटर म्हणजे घनमीटरचा दहा लाखावा भाग नव्हे. तिन्ही बाजू दहा लाखपट लहान होतात. म्हणूनच एक घन मायक्रोमीटर बरोबर एक फेम्टोलिटर भरतो. आणि औषधाच्या पट्टीवर 'एमसीजी' असेल तर ते मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. थायरॉइडच्या गोळीत तर हे दोनदा बघा, हजारपटीची गफलत होते.