सातारा शहरात पब्लिक चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक कार घ्यावी का?

गोडोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहताय, पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट नाही, रोजचं फिरणं गावातलं आणि महिन्यातून दोनदा पुणं. एवढ्यावर माझं उत्तर: आत्ता नको. आधी पॉइंटचं बघा, मग शोरूमची पायरी चढा.

चार्जर नाहीत असं नाही. पण फास्ट चार्जर बहुतेक करून महामार्गाच्या कडेनं, हॉटेलं आणि पेट्रोल पंपांवर. ते पुणे-कोल्हापूर पळणाऱ्यांसाठी आहेत, पोवई नाक्यावर भाजी घेऊन घरी जाणाऱ्यासाठी नाहीत. केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत शहरात 3 बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दर 25 किलोमीटरला दोन्ही बाजूंना स्टेशन असावं असं म्हटलं होतं. ‘दोन्ही बाजूंना’ का, ते नकाशात दोनशे मीटरवर दिसणारा चार्जर दुभाजकापलीकडे निघाला की समजतं. मग पुढचा अंडरपास शोधा आणि फिरून या.

ॲपमध्ये ‘उपलब्ध’ दिसतं त्यावरही जाऊ नका. हिरव्या खुणेपेक्षा प्लगशेअरवर, म्हणजे गाडीवाले स्वतः नोंदी टाकतात त्या ॲपवर, शेवटच्या माणसानं कधी चार्ज केलं ते बघा. महावितरणच्या चार्जरसाठी त्यांचं पॉवरअप ॲप लागतं, बाकीच्यांची आपापली. दोन-तीन ॲपमध्ये थोडे पैसे टाकून ठेवावेच लागतात. आणखी एक. मशीन मेलेलं वाटलं तर आधी त्यावरचं आणीबाणीत बंद करायचं लाल बटण बघा. येता-जाता कुणीतरी पोरगं ते दाबून जातं आणि हॉटेलवाला बिनधास्त ‘बंद आहे साहेब’ सांगतो. बाणाच्या दिशेनं पिरगाळलं की बटण वर येतं आणि बरेचदा स्क्रीन परत जागी होते. त्या जागेवर कुणाची डिझेल गाडी लावलेली असेल, तर मात्र आपण आणि आपला आवाज.

आता पॉइंटचं. 15 अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण 3 युनिट जातात, म्हणजे 30 युनिटची बॅटरी रात्रीत भरते. गावातल्या फिरण्याला रोज लावायचीही गरज नाही. घरमालकाला विजेच्या बिलाची धास्ती असते, तर 2024 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. नगरपालिका हद्दीत नवीन कनेक्शनला 7 दिवसांची मुदत आहे. वेगळं मीटर म्हटलं की सोसायटीतली निम्मी भांडणं तिथंच मिटतात. पब्लिक चार्जरला युनिटचा दर घरच्यापेक्षा चढा, वर 18 टक्के जीएसटी. रोज तेच करायचं तर पेट्रोल सोडून वाचवलं काय?

पुण्याची काळजी करू नका. 110 किलोमीटर आहे, घरून भरून निघालात तर वाटेत थांबायचं कारण नाही, तिथं पोचल्यावर लावा. फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांनंतर वेग पडतो, तेव्हा उरलेल्या वीस टक्क्यांसाठी मागच्याला ताटकळत ठेवू नका.

महाबळेश्वरला मुक्काम केलात आणि हॉटेलात रात्रभर लावणार असाल, तर 90 टक्क्यांच्या आसपास प्लग काढून घ्या. उतारावर पाय उचलला की मोटर वीज तयार करते आणि त्यातच गाडी धरते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती वीज शिरायला जागाच नसते, त्यामुळे केळघर घाटात गाडी नेहमीसारखी धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.