मराठीतून एमए तत्त्वज्ञान आणि नेट : माध्यमाबद्दल माझा अनुभव

"बीकॉमनंतर एमए तत्त्वज्ञानाला प्रवेश घेतलाय, पेपर मराठीतून लिहिणार, पुढे नेट द्यायचीय. माध्यमामुळे काही अडेल का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. हेच मी एका कार्यालयाच्या खिडकीवर विचारलं होतं. "माध्यम कुठलंही घ्या, पदवी एकच," एवढं ऐकवून मला बाजूला केलं. ते खोटं नव्हतं. पण नेटचा (महाविद्यालयात शिकवण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) तत्त्वज्ञानाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो, हे तिथं कुणी सांगितलं नाही आणि मीही शेवटच्या सत्रापर्यंत शोधलं नाही. तीच चूक मला सगळ्यात महागात पडली.

भारतीय तत्त्वज्ञानाला धक्का लागला नाही. सव्यभिचार, सत्प्रतिपक्ष हे सदोष हेतूंचे प्रकार, पण शब्द हिंदीतही तेच. मार खाल्ला तो पाश्चात्त्य भागात आणि नीतिशास्त्रात. इंग्रज तत्त्वज्ञ मिलचा उपयुक्ततावाद (ज्यानं जास्तीत जास्त लोकांचं सुख साधतं ते योग्य, हे मत) मला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. समोर आला तो हिंदीतला 'उपयोगितावाद'. तो ओळखता आला. जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या प्रश्नात मात्र इंग्रजी वाचायचं, मनात 'संश्लेषक' (सिंथेटिक), 'प्रागनुभविक' (आ प्रायोरी) जुळवायचं, मग पर्याय बघायचे. प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिनिट असाच जायचा. आता दोन्ही पेपर (सर्वसाधारण आणि विषयाचा) मिळून १५० प्रश्न आणि ३ तास असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. दोनदा थोडक्यात हुकलो, तोवर जेआरएफची (नेटमधूनच मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीची) तिशीची अट ओलांडली. (वयाच्या सवलती आणि नियम दर वेळी माहितीपत्रकात बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका.)

म्हणून मराठी सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या भाषेत विचार केल्याशिवाय कांट अंगी मुरत नाही, निदान माझ्या तरी मुरला नसता. फक्त आजपासून एक वही घाला. चार रकाने : मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि तो शब्द कुठल्या पुस्तकात भेटला. चौथा रकाना गाळू नका. मराठी लेखकांतच एका संज्ञेला दोन-तीन प्रतिशब्द चालतात. भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश हाताशी ठेवा. आणि मिलची रोज दोन पानं मूळ इंग्रजीतून वाचा, गाइडमधून नको.

मला खरा राग येतो तो याचा, की दे. द. वाडेकरांनी संपादलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश १९७४ साली निघाला, तरी आपल्या मुलांना या परीक्षेत मराठी मिळत नाही. सेटचाही (राज्य पातळीवरच्या अशाच पात्रता परीक्षेचा) विचार करा, पण तिथून जेआरएफ मिळत नाही आणि तुमच्या विषयाचं माध्यम त्या वर्षीच्या पत्रकात तपासून घ्या.

बीकॉम दुसऱ्या विद्यापीठातून असेल तर मायग्रेशनचा (विद्यापीठ बदलताना लागणाऱ्या प्रमाणपत्राचा) अर्ज याच आठवड्यात टाका आणि पोचपावतीवर शिक्का मारून घ्या.