आरशांच्या कव्हरवर मेटल फ्लेक एअरब्रशने मारता येईल का?

तुम्ही लिहिलंय की ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश आणि छोटा कंप्रेसर घेतलाय, आणि त्यावरच गाडीच्या आरशांच्या दोन्ही कव्हरना लाल फ्लेक मारून वर ज्वाळा काढायच्या आहेत. ज्वाळा निघतील. फ्लेक मात्र त्यातून बाहेरच पडणार नाही.

अडचण मापाची आहे. कंपनीच्या मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमची भुकटी असते, तिचे कण साधारण १० ते ५० मायक्रॉनचे. फ्लेक म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टर फिल्मचे कापलेले षटकोनी तुकडे. नेहमी वापरला जाणारा फ्लेक ०.००८ इंची, म्हणजे २०० मायक्रॉनचा. तुमच्या नोझलचं भोक ३०० मायक्रॉनचं आणि त्यातही मधे सुई. दोन तुकडे एकत्र आले की संपलं. त्यासाठी साधी ग्रॅव्हिटी गन, म्हणजे वर कप असलेली रंगाची गन घ्या, नोझल १.८ ते २ मिमीचं. कपात दोन-तीन स्टीलच्या गोळ्या टाका आणि मारताना गन हलवत राहा, कारण फ्लेक फार लवकर तळाला बसतो. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी स्वस्त पडते म्हणून ती वापरू नका, थिनरमध्ये तिचा रंग सुटतो.

आता खरं काम. लोकांना वाटतं फ्लेक मारला की झालं. फ्लेक मारणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, घाम निघतो तो फ्लेक गाडताना. खाली चंदेरी किंवा फ्लेकच्याच रंगाचा बेस, म्हणजे तळाचा रंग द्या, म्हणजे मधल्या फटी दिसत नाहीत. फ्लेक हार्डनर नसलेल्या क्लिअरमध्ये, म्हणजे पारदर्शक लॅकरमध्ये, मिसळून पातळ हात मारत जा. एका हातात सगळं झाकायला गेलात तर ओघळणार. वाळल्यावर पृष्ठभाग घासकागदासारखा खरखरीत लागतो, कारण बरेच तुकडे उभे राहिलेले असतात. त्यावर टू-के क्लिअरचे, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरचे, तीन-चार भरपूर हात द्या, पूर्ण कडक होऊ द्या आणि मगच ६०० च्या वॉटर पेपरने ठोकळा धरून घासा. घासताना चंदेरी ठिपका दिसला तर तिथेच थांबायचं: कागद फ्लेकपर्यंत पोचलाय, त्याच्यावरचा लाल थर गेला आणि आतलं अॅल्युमिनियम उघडं पडलं. मग पुन्हा क्लिअर, पुन्हा घासणं. बोट फिरवल्यावर काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत एअरब्रशला हात लावू नका. खडबडीवर ज्वाळेची कड तुटक येते आणि मास्किंग टेपखालून रंग आत शिरतो.

लाल फ्लेकऐवजी चंदेरी फ्लेक घेऊन वर लाल कँडी मारावी, असं माझं मत. कँडी म्हणजे पारदर्शक रंग. प्रकाश त्यातून खाली जातो, फ्लेकवर आपटून परत येतो, म्हणून ती खोली दिसते. हे सगळं प्रकरण १९५०-६० च्या दशकांतल्या कॅलिफोर्नियाच्या कस्टम गाड्यांमधलं. कँडी अॅपल रेडचं श्रेय ज्यांना देतात ते जो बेलॉनही तिथलेच. कँडीची खोड एकच, प्रत्येक हाताबरोबर ती गडद होत जाते. त्यामुळे दोन्ही कव्हरं शेजारी टांगून, एकाच वेळी, सारखेच हात मोजून रंगवा. आज डावं आणि पुढच्या रविवारी उजवं असं केलंत तर रस्त्यावरच्या माणसालाही फरक कळेल. आणि कँडी उन्हात उडते. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असेल तर लाल फ्लेकच बरा.

ज्वाळांसाठी बेसकोट, म्हणजे ज्वाळांचा रंग, दुधासारखा पातळ करा, दाब एक ते दीड बार ठेवा आणि आधी जुन्या पत्र्यावर हात बसवा. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की पाण्याचा एक थेंब अख्खी ज्वाळा खराब करतो. शक्य असेल तर हे काम पावसाळ्यानंतरच काढा.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि वासावरून धोका कळत नाही. रुमाल किंवा कापडी मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर क्लिअर घरी मारूच नका. फ्लेक आणि ज्वाळा तुम्ही करा, टू-के क्लिअरचे हात मात्र रंगकामाचा बंदिस्त बूथ असलेल्या गॅरेजमधून मारून घ्या. डेंटिंग-पेंटिंगवाले दोन सुट्या कव्हरसाठी सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रायमरचं अजून राहिलं. कव्हर काढलंत की आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा प्रकार छापलेला दिसेल. एबीएस असेल तर घासून, पुसून साधा प्लॅस्टिक प्रायमर चालतो. पीपी असेल तर आधी अॅडहिजन प्रमोटर, म्हणजे रंग चिकटवून धरणारा थर लागेल, नाहीतर सगळे थर सालीसारखे निघून येतील. काय छापलंय ते बघून खाली कळवा, त्यावरून पुढचं सांगतो.